पहिल्या फाइलपासून दुसऱ्या बाळंतपणापर्यंत

१८ जून २०२२ रोजी पहाटे चार वाजून सहा मिनिटांनी माझ्या मुलाचा जन्म झाला, हे मला इतरांकडून कळले. मी तेव्हा पूर्ण भुलीखाली होते. त्याआधीचे तेहेतीस तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवत होते: भिंतीवरचे घड्याळ, सलाईनच्या नळीवरची चिकटपट्टी आणि दाराशी उभे राहून कुणीतरी म्हटलेले "प्रगती नाही" हे दोन शब्द. बाळ सुखरूप होते, मीही सुखरूप होते, त्यामुळे पुढची दीड वर्षे त्या रात्रीविषयी बोलण्याचे कारण कोणालाच दिसले नाही, आणि मलाही दिसले नाही. दुसऱ्या बाळाचा विषय निघाला की मात्र मी उठून काहीतरी कामाला लागत असे. एके दिवशी नवऱ्याने सरळ विचारले, "तुला बाळ नको आहे की बाळंतपण नको आहे?" माझ्या तोंडून "बाळंतपण" हे उत्तर इतक्या झटकन निघाले की त्याहून अधिक काही बोलावे लागले नाही.

ज्यांचे पहिले बाळंतपण अवघड गेले आणि दुसऱ्याची तयारी कोठून सुरू करावी हे ज्यांना सुचत नाही, त्यांच्यासाठी पुढचे सगळे घडले त्या क्रमाने लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. यातले वैद्यकीय आकडे मला माझी फाइल वाचून सांगितले गेले होते, हे ध्यानात ठेवून वाचावे.

सुरुवात त्या फाइलपासूनच झाली. माझ्याजवळ फक्त डिस्चार्ज कार्ड होते आणि त्यावर एकच ओळ होती: प्रसूतीत प्रगती न झाल्याने तातडीचे सिझेरियन. तेवढ्यावरून मी स्वतःशी ठरवून टाकले होते की माझ्या कमरेची हाडे अरुंद असणार, आणि मूल जन्माला घालणे हे माझ्या शरीराला जमणारे काम नव्हे. असे मला कोणीही सांगितलेले नव्हते, पण कोणी काहीच सांगितले नाही की माणूस आपल्या मनाने रिकाम्या जागा भरतो.

८ जानेवारी २०२४ रोजी मी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात अर्ज दिला. "माझी सर्व कागदपत्रे मिळावीत" असे लिहिलेला पहिला अर्ज खिडकीवरूनच परत आला. तेथल्या कर्मचाऱ्याने, आणि हे मी कृतज्ञतेने नोंदवते, मला बाजूला बसवून कोणते कागद नावानिशी मागायचे ते सांगितले: ऑपरेशनची नोंद, भुलीची नोंद, कळा आणि गर्भाशयाचे तोंड उघडण्याचा तक्ता म्हणजे पार्टोग्राफ, बाळाच्या ठोक्यांच्या आलेखाच्या पट्ट्या, परिचारिकांच्या नोंदी आणि संमतीपत्रे. अर्जावर भरतीचा क्रमांक, भरतीची आणि घरी सोडल्याची तारीख, ओळखपत्राची प्रत आणि "पुढील उपचारांसाठी" हा हेतू लिहिला. पानामागे ठरलेले शुल्क आगाऊ भरून पावती घेतली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख मात्र मी मागून घेतली नाही, आणि ती चूक मला भोवली. "सात दिवसांत या" असे सांगितले होते. पहिल्या खेपेला सही करणारे अधिकारी रजेवर होते, दुसऱ्या खेपेला अर्जच सापडेना, आणि तेविसाव्या दिवशी तिसऱ्या खेपेला छेचाळीस पानांचा गठ्ठा हातात पडला. पोच घेतली असती तर दुसरी खेप तरी नक्कीच वाचली असती.

तो गठ्ठा मी घरी आणून आठ दिवस कपाटात ठेवला. उघडण्याचे धैर्य झाले नाही, एवढेच कारण होते.

शेवटी तो नवऱ्यासोबत बसून वाचला. न समजणारे शब्द एका वहीत लिहून काढले. पार्टोग्राफवर संध्याकाळी पाच वाजता तोंड ४ सेंटिमीटर (पूर्ण उघडले की ते १० असते), रात्री अकराला ७ आणि पहाटे तीनलाही ७ अशा नोंदी होत्या. शेजारी बाळाच्या डोक्याच्या स्थितीबद्दल एक छोटी खूण होती, जिचा अर्थ मला नंतर कळला: बाळाचे डोके खालीच होते, पण डोक्याची मागची बाजू माझ्या पाठीकडे होती. अशा स्थितीत डोके नीट वाकत नाही, त्याचा मोठा व्यास पुढे येतो, कळा कमरेत जास्त येतात आणि प्रसूती रेंगाळते. म्हणजे हाडांचा प्रश्न असल्याची नोंद छेचाळीस पानांत कोठेही नव्हती. ऑपरेशनच्या नोंदीत गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेतल्याचे आणि तो कडेला फाटत न गेल्याचे लिहिले होते. या एका ओळीवर माझ्या पुढच्या सगळ्या शक्यता अवलंबून होत्या आणि ती डिस्चार्ज कार्डावर नव्हती. भुलीच्या नोंदीत मणक्यातली भूल देण्याचे दोन प्रयत्न फसल्याने पूर्ण भूल दिल्याचे कारण सापडले. संमतीपत्रावर पहाटे ३ वाजून ४० मिनिटे ही वेळ होती आणि खाली ओळीबाहेर घसरलेली एक वेडीवाकडी सही होती. ती माझी होती. ती केल्याचे मला आजही आठवत नाही.

ठोक्यांच्या पट्ट्यांबाबत एक बारीकशी गोष्ट सांगते. त्या ज्या कागदावर उमटतात तो उष्णतेने काळा होणारा कागद असतो आणि त्यावरची छपाई काळाने पुसट होत जाते. माझ्या पट्ट्यांच्या प्रतींवर फक्त आखलेल्या चौकटी उरल्या होत्या, रेघ गेलेली होती. ज्यांना त्या हव्या असतील त्यांनी लवकर मागाव्यात.

ही फाइल वाचल्यावर मला कोणी शत्रू सापडेल अशी आतून कोठेतरी अपेक्षा होती. तसे झाले नाही. चार तास तोंड पुढे उघडले नव्हते, ठोके घसरत होते, आणि ३ वाजून ४० मिनिटांनी मी डॉक्टरांच्या जागी असते तर मीही तेच केले असते. संध्याकाळी पाच ते रात्री अकरा या वेळेत मात्र जे चालले होते त्याला "प्रगती नाही" म्हणणे कितपत बरोबर होते, हे मी पुढे विचारले. तासाला एक सेंटिमीटर ही मोजपट्टी १९५५ साली इमॅन्युएल फ्रीडमन यांनी पहिलटकरणींच्या प्रसूतींवरून काढलेल्या आलेखातून रूढ झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत हा वेग काही स्त्रियांसाठी अवास्तव असल्याचे आणि तोंड वेगाने उघडण्याचा टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरावा असे म्हटले आहे. पहिल्या खेपेला हा टप्पा बारा तासांपर्यंत चालू शकतो. हे मला त्या रात्री कोणी सांगितले असते तर मी सहा तास स्वतःला नापास समजत पडून राहिले नसते. माझी तक्रार ऑपरेशनबद्दल कधीच नव्हती, वाटेत कोणी काही बोलले नाही याबद्दल होती, आणि हे मला फाइल वाचेपर्यंत स्वतःलाही सांगता येत नव्हते.

२६ फेब्रुवारीला मी पहिल्या वेळच्या डॉक्टरांची भेट घेतली. वेळ पंधरा मिनिटांची मिळाली, म्हणून तीनच प्रश्न कागदावर लिहून नेले. छेद नेमका कोठे आणि कसा होता, मणक्यातली भूल का लागली नाही, आणि पुढच्या खेपेला नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करू नये असे काही कारण या ऑपरेशनात दिसले का? तिन्हींची उत्तरे मिळाली. तिसऱ्याचे उत्तर "नाही" असे होते आणि ते मी त्यांच्याकडून पत्रावर लिहून घेतले. निघताना डॉक्टर म्हणाल्या, "हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं." या वाक्याने मला बाहेरच्या बाकावर बसून रडू आले.

त्यानंतरही भीती गेली नाही. मुलाच्या लसीकरणासाठी गेले असता कोठल्यातरी यंत्राचा टूं-टूं आवाज ऐकून माझे हात थंड पडले, तेव्हा मी समुपदेशकांकडे गेले. बाळंतपणाच्या तीव्र भीतीला टोकोफोबिया असे नाव आहे आणि ती आधीच्या अनुभवातून आलेली असू शकते, हे मला तेथे समजले. बाळंतपणानंतर शंभरातल्या साधारण चार जणींना आघातानंतरच्या मानसिक विकाराची पूर्ण लक्षणे दिसतात, हेही तेथेच कळले. एकूण सहा बैठका झाल्या. त्यांत फाइलचाच उपयोग झाला: मला आठवणारे तुकडे आणि कागदावरच्या वेळा एकमेकांशेजारी ठेवून त्या रात्रीची सलग गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली. सहाव्या बैठकीअखेर भीती होती, पण ती कशाची आहे हे सांगता येत होते.

दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टर ठरवावे असे मी ठरवले आणि तिघांना भेटले. पहिल्यांनी फाइल न उघडताच सांगितले की एकदा सिझर झाले की पुढचेही सिझरच. हे वाक्य १९१६ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर एडविन क्रॅगिन यांनी लिहिले होते. त्या काळी गर्भाशयावर उभा छेद घेत असत, आणि त्यांचा रोख पहिले सिझर सहज करू नये असे बजावण्याकडे होता. शंभर वर्षांत छेद बदलला, पण वाक्य टिकून राहिले. दुसऱ्यांनीही फाइल उघडली नाही आणि "सकारात्मक राहा, नॉर्मलच होईल" असा धीर दिला. खरे सांगायचे तर मला या दुसऱ्या उत्तराची जास्त भीती वाटली. तिसऱ्या डॉक्टर वीस मिनिटे काही न बोलता पाने उलटत राहिल्या आणि मग त्यांनी विचारले, "तुम्हाला स्वतःला काय हवं आहे?" मी म्हणाले, की मला जागेपणी माझ्या बाळाला भेटायचे आहे. त्या म्हणाल्या की मग दोन्ही मार्गांनी तयारी करता येईल.

त्यांनी सांगितलेले आकडे मी वहीत जसेच्या तसे उतरवले आहेत. गर्भाशयाच्या खालच्या भागावर एकच आडवा छेद असताना जेव्हा कळा येऊ देऊन प्रसूतीचा प्रयत्न होतो, तेव्हा शंभरातल्या सुमारे ७२ ते ७५ जणींची प्रसूती योनीमार्गे होते, बाकीच्यांना कळा सोसूनही पुन्हा सिझर लागते. जुना व्रण उकलण्याचा धोका साधारण दोनशेत एक असतो. तो दुर्मीळ असला तरी घडला तर बाळ आणि आई दोघांच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून असा प्रयत्न फक्त तेथेच करावा जेथे तातडीचे ऑपरेशन कोणत्याही वेळी होऊ शकते. औषध देऊन कळा सुरू केल्या तर हा धोका दोन ते तीन पट वाढतो. दोन बाळंतपणांतले अंतर फार कमी असेल तरीही तो वाढतो, आणि आमचे अंतर जवळजवळ तीन वर्षांचे होणार असल्याने ती काळजी नव्हती. उलट ठरवून केलेल्या सिझरमध्ये व्रण उकलण्याचा धोका जवळजवळ उरत नाही, पण प्रत्येक सिझरनंतर पुढच्या गरोदरपणात वार, म्हणजे प्लासेंटा, जुन्या व्रणात रुतून बसण्याची शक्यता वाढत जाते. आम्हाला तिसरे मूल हवे आहे का, हा प्रश्न त्यांनी याच कारणासाठी विचारला होता. मला तो आधी खाजगी वाटला होता.

ऑगस्ट २०२४ मध्ये दिवस राहिल्याचे कळले आणि २२ एप्रिल २०२५ ही तारीख मिळाली. गरोदरपण तसे साधे गेले, म्हणून त्यातले दोनच थांबे सांगते. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार कोठे आहे हे आम्ही मुद्दाम लिहून मागितले. आधी एक सिझर झालेले असताना वार खाली येऊन गर्भाशयाचे तोंड झाकत असेल, तर ती व्रणात रुतलेली असण्याची शक्यता सुमारे ११ टक्के असते, आणि तसे असेल तर सगळी योजनाच बदलते. आमची वार वर आणि मागच्या बाजूला होती. दुसरा थांबा रक्ताचा. अठ्ठाविसाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ९.८ भरले. ऑपरेशनची शक्यता असताना साठा आधीच भरून ठेवणे शहाणपणाचे, म्हणून गोळ्यांचा उपयोग होईना तेव्हा लोह शिरेतून दिले गेले आणि छत्तिसाव्या आठवड्यात ते ११.४ झाले.

पस्तिसाव्या आठवड्यात भूलतज्ज्ञांची स्वतंत्र भेट घेतली. ही भेट मी मागितली नसती तर कोणी सुचवली नसती, आणि सगळ्या तयारीत मला तिचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. त्यांनी जुनी नोंद वाचली, पाठ तपासली आणि सांगितले की मागच्या खेपेला घाईत, कळांच्या मध्ये, नीट वाकता येत नसताना सुई लावावी लागली होती. या वेळी कळा पक्क्या झाल्या की लवकरच एपिड्युरलची, म्हणजे कमरेखालचा भाग बधिर करणारे औषध सोडण्याची, नळी पाठीत बसवून ठेवली, तर ऑपरेशनची वेळ आल्यास त्याच नळीतून भूल वाढवता येईल आणि पूर्ण भूल बहुधा टळेल. व्रण उकलला तर एपिड्युरलमुळे ते कळणारच नाही, असे मी कोठेतरी ऐकले होते. तसे नसते, असे ते म्हणाले. बहुतेक वेळा पहिली सूचना बाळाच्या ठोक्यांतून मिळते, आणि भूल चालू असतानाही वेदना वारंवार फुटून वर येत असेल तर तीच धोक्याची खूण मानतात.

छत्तिसाव्या आठवड्यात आम्ही योजना लिहिली, ती एका पानापेक्षा मोठी होऊ द्यायची नाही या अटीवर. कळा आपोआप आल्या तर प्रयत्न करायचा. न आल्यास २८ एप्रिल ही ठरवलेल्या सिझरची तारीख राखून ठेवायची आणि कळा आणण्यासाठी जेल वापरायचे नाही. कळा मंदावल्या तर सलाईनमधून औषध देण्याचा निर्णय वरिष्ठ डॉक्टरांनी स्वतः तपासूनच घ्यायचा. सिझर करावे लागलेच तर जन्माच्या क्षणी मधला पडदा खाली करावा, नाळ किमान एक मिनिट थांबून कापावी आणि बाळ ठीक असल्यास लगेच माझ्या छातीवर ठेवावे. सर्वांत वर मी एकच ओळ ठळक अक्षरांत लिहिली होती: निर्णय बदलताना मला तीन वाक्यांत सांगावे आणि माझा प्रश्न ऐकून घ्यावा. डॉक्टरांनी दोन ओळी लाल शाईने खोडल्या. ठोक्यांची नोंद सतत घ्यायची आणि तेथे बिनतारी यंत्र नाही, म्हणून फिरत राहणे शक्य नव्हते. कळा पक्क्या झाल्यावर जेवण चालणार नव्हते. फिरण्याची ओळ गेली याचे मला वाईट वाटले आणि मी वादही घातला, पण खोडल्यावर त्यांनी खाली सही केली. खोटे होकार देण्यापेक्षा ते मला बरे वाटले. तीन प्रती काढल्या. एक रुग्णालयाच्या फाइलच्या पहिल्या पानावर लावली, एक पिशवीत आणि एक नवऱ्याच्या खिशात राहिली.

रुग्णालयाला विचारायचे प्रश्न आम्ही याच दिवसांत विचारले: रात्री भूलतज्ज्ञ इमारतीत असतात की बोलवावे लागतात, निर्णयापासून जन्मापर्यंत किती वेळ लागतो, रक्त कोठून येते, नवजात अतिदक्षता कक्ष आहे का, सोबतीला कोणाला राहू देतात. पैशांची बाजूही येथेच उलगडली. नैसर्गिक प्रसूती आणि तातडीचे सिझर यांचे दोन वेगळे अंदाजपत्रक लेखी मागावे. आमच्या बाबतीत दुसरे पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट होते. भूलतज्ज्ञांची रात्रीची फी, एपिड्युरलचे साहित्य आणि बाळाचा स्वतंत्र खर्च पहिल्या अंदाजात धरलेला नव्हता. विम्यात प्रसूतीसाठी प्रतीक्षा काळ असतो. तो आमचा गर्भधारणेच्या आधीच संपलेला होता, कारण फाइल वाचत असतानाच नवऱ्याने पॉलिसीही वाचून काढली होती. पूर्वमंजुरीच्या अर्जासोबत विमा कंपनीने आधीच्या ऑपरेशनची नोंद मागितली, तेव्हा छेचाळीस पानांतले ते पान अर्ध्या तासात पाठवता आले.

चौतिसाव्या आठवड्यात लेबर रूम पाहून आले होते, ते सांगायचे राहिले. खाटेवर बसून यंत्र चालू करून घेतले आणि तो आवाज पाच मिनिटे ऐकला. परिचारिकेला माझी विनंती विचित्र वाटली असावी, पण तिने काही विचारले नाही.

२० एप्रिलला पहाटे सव्वादोन वाजता कळांनी जाग आली. चार वाजेपर्यंत त्या पाच-पाच मिनिटांवर आल्या. माझी आई मुलाजवळ थांबली आणि आम्ही पाच वाजता रुग्णालयात पोहोचलो. तोंड ३ सेंटिमीटर उघडले होते. हाताला सुई लावली, रक्त जुळवणीसाठी पाठवले, पोटावर यंत्राचे पट्टे बांधले. सात वाजता एपिड्युरलची नळी पहिल्याच प्रयत्नात बसली. नऊ वाजता ५, साडेअकराला ८. डॉक्टर दर तपासणीनंतर आकडा मला सांगत होत्या, आणि डोक्याची स्थिती या वेळी चांगली आहे हेही सांगत होत्या. त्या सकाळी मी हसत होते, असे नवरा म्हणतो.

पावणेएकच्या सुमारास यंत्राचा ठोका बदलला. मला डाव्या कुशीवर वळवले, सलाईनचा वेग वाढवला, पुन्हा तपासले. डॉक्टर खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसल्या.

"बाळाचे ठोके प्रत्येक कळेला खाली जात आहेत आणि परत वर यायला वेळ घेत आहेत. तोंड अजून आठच आहे आणि डोकं वर आहे. मागचा टाका लक्षात घेता मी आता सिझर करावं असं सुचवते."

तीन वाक्ये होती. मी विचारले, "आपल्याकडे किती वेळ आहे?"

"विचार करायला पाच मिनिटं आहेत. त्यापेक्षा जास्त मला द्यायची नाहीत."

मी पाच मिनिटे घेतली नाहीत. एक वाजून पाच मिनिटांनी संमतीपत्रावर सही केली, वर छापलेला मजकूर वाचून केली, आणि वेळ मी स्वतःच्या हाताने लिहिली. हात थरथरत होता, पण सही ओळीवर बसली. पाठीतल्या नळीतून भूल वाढवली गेली आणि ती लागली. पोटावर ओढाताण कळत होती, वेदना नव्हती. दातांवर दात आपटतील इतकी थंडी वाजत होती. भूलतज्ज्ञ म्हणाले की हे पुष्कळांना होते, आणि मला तेवढे पुरले.

एक वाजून एकतीस मिनिटांनी मुलगी झाली. पडदा ठरल्याप्रमाणे खाली केला गेला आणि नेमके त्या क्षणी मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. ज्या ओळीसाठी मी इतका आग्रह धरला ती पाळली गेली आणि मी ती पाहिलीच नाही. रडणे मात्र ऐकले. ते लगेच आले नाही. ती थोडी मलूल होती, त्यामुळे नाळ थांबून कापण्याचा मुद्दा बाजूला पडला आणि तिला आधी उबदार टेबलावर नेले. ती चार मिनिटे नवरा मोठ्याने मला काय दिसते ते सांगत राहिला: रंग, हात, पाय, आता तोंड उघडले. मग रडणे आले आणि मग ती माझ्या छातीवर आली, ओली आणि जड, तीन किलो दोनशे ग्रॅमची.

नंतर डॉक्टरांनी सांगितले की जुना व्रण बराच पातळ झालेला होता, पण उकललेला नव्हता. पुढे कधी दिवस राहिलेच तर त्यांचा सल्ला ठरवून सिझर करण्याचाच असेल. हे त्यांनी डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहिले, छेदाच्या प्रकारासह. मी तसे लिहायची विनंती केली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठून चालले. या वेळची दुखणी पहिल्या वेळेपेक्षा कमी नव्हती, कारण कळाही सोसल्या होत्या आणि टाकेही पडले होते. तिसऱ्या रात्री मी रडले, आणि त्याचे कारण आठ सेंटिमीटर हेच होते. इतक्या जवळ येऊन परत फिरावे लागल्याचे दुःख खरे होते आणि आजही थोडे आहे. ते समुपदेशकांना सांगितले, नवऱ्यालाही सांगितले. मात्र यंत्राच्या आवाजाने आता हात थंड पडत नाहीत.

२४ एप्रिलला घरी सोडले. अंतिम बिल दुसऱ्या अंदाजपत्रकाच्या थोडे वर गेले, बाळाच्या तपासण्या विम्यात बसल्या नाहीत आणि अनामत रकमेतला उरलेला भाग तीन आठवड्यांनी परत मिळाला. निघण्यापूर्वी मी रेकॉर्ड विभागात फाइलच्या प्रतीचा अर्ज दिला, कागदांची यादी नावानिशी लिहून, आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेऊन. नवव्या दिवशी प्रत मिळाली. संमतीपत्रावर १ वाजून ५ मिनिटे ही वेळ माझ्याच अक्षरात आहे. ठोक्यांच्या पट्ट्या मात्र त्या गठ्ठ्यात नव्हत्या. छपाई पुसट होण्याआधी त्या मिळाव्यात म्हणून मी पोच जोडून दुसरा अर्ज दिला आहे, आणि या वेळीही सात दिवसांनी या असे सांगितले आहे.